पाच महिने बुलेट ठेवायची कुठे? बडोद्यातलं एक प्रकरण

गाडी रॉयल एन्फील्डची क्लासिक ३५०, ऑगस्ट २०२२ ची खरेदी. मालकीण माझ्या मामेबहिणीची मुलगी, म्हणजे नात्यानं माझी भाची. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करते, अकोट्यात मैत्रिणीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, आई-वडील पुण्याला. २०२५ च्या मे महिन्यात कंपनीनं तिला जर्मनीला पाठवायचं ठरवलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं आणि दिवाळी झाली की परत यायचं. "मामा, गाडीचं काय करू?" एवढंच तिनं विचारलं. मी बडोद्यात मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. बुडालेल्या, जळालेल्या आणि ठोकलेल्या गाड्या बघण्यात उमर गेली. त्यामुळे "ठेव कुठेतरी सावलीत" असं मला म्हणता येईना.

वरवर पाहिलं तर प्रश्नच नव्हता. फ्लॅट मैत्रिणीच्या ताब्यात राहणार होता, सोसायटीचं पार्किंग होतं, गेटवर वॉचमन होता आणि खर्च शून्य. भाचीनं एक कव्हर विकत घेऊनही ठेवलं होतं. मी त्या पार्किंगमध्ये गेलो आणि आधी खांबाकडे पाहिलं. नवा रंग दिलेला होता, पण लिफ्टशेजारच्या मीटरच्या खोलीत रंगाऱ्यानं हात आखडता घेतला होता. तिथे भिंतीवर मातीची आडवी रेघ होती, माझ्या छातीच्याही वर. ती २०२४ च्या पुराची. त्या रेषेनुसार बुलेट सीटसकट पाण्याखाली जात होती.

बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. विश्वामित्री नदी पावागढच्या डोंगरातून येते आणि बडोदा शहराच्या मधून वळणं घेत जाते. तिची पातळी काळा घोड्याच्या पुलापाशी मोजतात आणि २६ फूट ही धोक्याची पातळी. २०२४ साली गोकुळाष्टमीला, २६ ऑगस्टला, पाऊस कोसळला आणि पुढच्या दोन दिवसांत पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. अकोटा, समा, फतेहगंज, मुजमहुडा, वडसर या भागांत माणसं वरच्या मजल्यांवर अडकली आणि खाली बेसमेंटमधल्या गाड्या दिवसचे दिवस पाण्यात राहिल्या. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात ४०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. परगावच्या माणसाला एक गोष्ट पटत नाही, ती अशी की आमच्याकडे पाऊस थांबल्यावर पूर येतो. सयाजीराव महाराजांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेला आजवा तलाव आणि त्याच्या आसपासचा सगळा वरचा भाग भरला, की ते पाणी उतरत उतरत शहरात पोचायला वेळ लागतो. सकाळी ऊन पडलेलं असतं, लोक म्हणतात सुटलो, आणि दुपारी पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. ज्यांनी रात्री गाडी हलवली नाही, त्यांना सकाळी हलवता येत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात महापालिकेनं नदीचं पात्र खोल आणि रुंद करण्याचं मोठं काम काढलं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं, आता काळजी नाही. काम झालेलं मीही पाहिलं आणि ते चांगलं झालं होतं. पण पाच महिने परदेशी राहणाऱ्या मुलीची गाडी त्या भरवशावर ठेवणं मला मान्य नव्हतं. तिथे गाडी हलवणारं कोणी नव्हतं. मैत्रिणीला बुलेट ढकलता येत नाही. १९५ किलोची गाडी आहे, एकट्या माणसाला उतारावर ती आवरत नाही. वॉचमन तर अशा वेळी पन्नास गाड्यांमागे एकटा.

जर्मनीहून भाचीनं पुढे एकदा फोनवर जे सांगितलं, ते इथेच लिहितो, कारण त्यातून आपली अडचण नेमकी कळते. तिच्या ऑफिसातल्या एकाकडे मोटरसायकल आहे. तिकडे थंडीत बर्फ आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ, म्हणून नोव्हेंबर ते मार्च गाडी गॅरेजमध्ये बंद. त्याच्या नंबरप्लेटच्या उजव्या कडेला वर ०४ आणि खाली १० असे आकडे आहेत, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर एवढंच चालवायचं. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. बाकीच्या महिन्यांत गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. आपल्याकडे दुचाकीचा कर एकदम आयुष्यभराचा भरलेला असतो आणि विमा बारमाही. म्हणजे गाडी बंद ठेवली म्हणून पैसे वाचत नाहीत, उलट जागेचे वाढतात. त्यामुळे 'परवडणारी जागा' याचा आपल्याकडचा अर्थ फार घट्ट आहे.

तर जागा शोधायला लागलो. पहिला विचार तिच्या वडिलांचा. गाडी रेल्वेनं पुण्याला पाठवा. रेल्वे पार्सलला टाकी रिकामी करावी लागते, गाडी गोणपाटात बांधावी लागते, आर.सी.ची प्रत लागते आणि हे सगळं जाताना एकदा, येताना एकदा. शिवाय पुण्यात त्यांच्याकडे उघडं पार्किंग आणि तिथला पाऊस काही कमी नाही. हा विचार चहा संपायच्या आत संपला.

स्टेशनजवळचं पे अँड पार्क दिवसाच्या हिशेबानं चालतं. एक-दोन दिवसांना ते स्वस्त, पाच महिन्यांचा गुणाकार केला की भाचीचे डोळे विस्फारले. पावतीच्या मागे 'वाहन मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं असतं. अशा छापील ओळीनं ठेकेदाराची सगळी जबाबदारी उडते असं नाही. १८७२ च्या करार कायद्यात दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्यानं साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायला हवी, असं कलम १५१ सांगतं. पण ते सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं आणि तोवर गाडी गेलेली असते.

तिसरी जागा तिच्या नेहमीच्या मिकॅनिकची. माणूस चांगला, गाडीचा जीव ओळखणारा. "बेन, मूकी जाओ, पैसानी वात पछी," म्हणाला, म्हणजे ठेवून जा, पैशाचं नंतर बघू. महिन्याला पाचशेवर राजी होता. पण त्याचं गॅरेज म्हणजे एक शटर. दिवसा सगळ्या गाड्या बाहेर रस्त्यावर, रात्री एकमेकींना खेटून आत. म्हणजे पाच महिने रोज ही गाडी काढायची-घालायची. ओरखडे तर येणारच. आणि गाडी काढताना-घालताना कधी ना कधी कोणी "जरा चक्कर मारून येतो" म्हणणार. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी मालकाकडे बोट दाखवते. मी त्या मिकॅनिकला दोष देत नाही, त्याचा धंदाच तसा आहे.

मग हायवेकडचं एक गोदाम. घरसामान ठेवायला खोल्या भाड्यानं देतात, कॅमेरे आहेत, जोतं उंच आहे, पत्रा चांगला आहे. महिन्याला अठराशे, शिवाय तेवढीच अनामत. टाकी पूर्ण रिकामी आणि बॅटरी काढलेली हवी ही त्यांची अट, आणि ती रास्त होती. सुरक्षिततेच्या दृष्टीनं ही जागा सगळ्यांत पक्की होती, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणतो. पाच महिन्यांचे नऊ हजार. तीन वर्षं उलटू घातलेल्या गाडीवर एवढा खर्च करावा का, यावर घरात दोन मतं पडली. भाचीचं म्हणणं, गाडी माझी पहिल्या पगाराची आहे. तिच्या आईचं म्हणणं, त्यापेक्षा विकून टाक.

या वादात मी विम्याचा हिशेब मांडला. तीन वर्षं झाली की विम्यात गाडीची किंमत नव्या किमतीतून चाळीस टक्के वजा करून धरतात. दुरुस्ती त्या किमतीच्या पाऊणपटीहून जास्त गेली तर गाडी पूर्ण गेली असं समजून रक्कम देतात. पूर हा स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात येतो, पण रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. आणि पाणी शिरलेल्या इंजिनाला कोणी बटण दाबून सुरू करायला गेलं आणि आत कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते 'पुराचं नुकसान' धरत नाहीत, ते मागाहून ओढवून घेतलेलं नुकसान. २०२४ नंतर माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या कितीतरी लोकांनी नेमकं हेच केलं होतं. पाणी ओसरल्या ओसरल्या सेल्फ मारला होता. तेव्हा 'विमा आहे ना' हे उत्तर अर्धंच. गाडी मुळात पाण्याच्या वर ठेवणं हेच स्वस्त.

आणि इथे मला शोधायचं काय ते स्पष्ट झालं. कुलूप, छप्पर, भाडं हे नंतर. पहिल्यांदा जोतं बघायचं.

काकूंचा वाडा

जुन्या शहरातल्या मांडवीच्या जवळच्या एका पोळीत, म्हणजे जुन्या घरांच्या गल्लीत, माझ्या आत्याच्या सासरकडच्या एक काकू राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. गायकवाडी काळातला लाकडी वाडा, पुढे दिंडी दरवाजा, मग देवडी, मग फरसबंद चौक आणि चौकाच्या तिन्ही बाजूंना ओसरी. मुलगा नोकरीनिमित्त सुरतेला, सून आणि नातू इथेच. वरच्या मजल्यावर एक गुजराती भाडेकरू कुटुंब. दर गणपतीला मी जातो, त्यामुळे ओसरी किती उंच आहे ते मला माहीत होतं, पण मोजलेली नव्हती.

गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घेऊन मी आणि भाची गेलो. पोळीच्या तोंडाशी रस्ता, तिथून आत येताना चढ आणि मग ओसरीचं जोतं. रस्त्यापेक्षा ओसरी जवळजवळ पाच फूट वर निघाली, त्यातलं जोतंच अडीच फूट. काकू आमचा खटाटोप पाहत होत्या. "अरे, नळी काय लावतोस, मला विचार ना," म्हणाल्या. "२०२४ ला पोळीच्या बाहेर गुडघाभर होतं. आत चौकात थेंब आला नाही. सासूबाई सांगायच्या, सत्तावीस सालच्या पुरातसुद्धा पायरी ओली झाली नव्हती." १९२७ चा गुजरातेतला पूर बडोद्याच्या जुन्या घराघरांत असा सांगोवांगी जपलेला आहे. सरकारी कागद काय म्हणतात ते बाजूला, ज्या घरातल्या बायकांनी धान्याची कोठी तीन पिढ्या एकाच जागी ठेवली, त्या घराच्या जोत्यावर माझा विश्वास बसतो.

उंचीचं जमलं, तर दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या. एक, दिंडीची रुंदी. बुलेटचं हँडल अडीच फुटांहून जरा जास्त आहे आणि दिंडी बरोबर अडीच फूट. मोठा दरवाजा उघडता आला असता, पण त्याचा खालचा खिळा गंजून उंबऱ्यात बसलेला, उघडल्याला वर्षं लोटलेली. शेवटी आरसे काढले, हँडल एका बाजूला पूर्ण वळवून आधी डावी मूठ आत घातली, मग गाडी जराशी तिरकी करत उजवी. ते जमलं. दुसरी अडचण, अडीच फूट जोत्यावर १९५ किलो चढवायचे कसे? काकूंच्या नातवाचं म्हणणं, चौघे मिळून उचलू. पायऱ्यांवर चौघांना पाय ठेवायला जागा नव्हती आणि पाठी माझ्या वयाच्या. आम्ही पोळीतल्या सुताराकडून दहा फुटी सागाच्या दोन जाड फळ्या आणल्या, मधोमध विटांचा आधार दिला, वरच्या टोकाला दोर बांधून खांबाला अडकवल्या. भाचीनं गाडी पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, बाजूनं चालत वर घेतली, आम्ही दोघं मागून हात लावून. फळ्या ओल्या असत्या तर हे केलं नसतं. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधीच, मेच्या शेवटच्या रविवारी, हे उरकून घेतलं.

पैशाचं बोलणं सगळ्यांत अवघड गेलं. भाचीनं महिना सहाशे सुचवले. काकू चिडल्या. "घरच्या पोरीकडून भाडं घेऊ? लोक काय म्हणतील?" फुकट ठेवायला मी तयार नव्हतो. फुकटात ठेवलेल्या वस्तूबद्दल नंतर काही बोलता येत नाही, आणि काकूंनाही ती अडगळ वाटू लागली तर सांगता येत नाही. बोलता बोलता माझं लक्ष ओसरीच्या छपराकडे गेलं. जिथे गाडी उभी राहणार, बरोबर तिथे कौलं सरकली होती आणि खाली तुळईवर गळतीचा काळा ओघळ होता. पाच महिन्यांचे तीन हजार एकदम देऊन ती कौलं परतवून घ्यायची, असं ठरलं. काकूंना भाडं घेतल्यासारखं झालं नाही, आणि गाडीवरचं छप्पर दुरुस्त झालं. हा सौदा मला स्वतःला फार आवडला.

किल्ली कोणाकडे

नातू सोळा वर्षांचा. गाडी वर चढत असताना त्याची नजर मी पाहिली. त्या वयात माझीही तशीच असती. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून १९९-ए हे कलम आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड आणि वर : गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. हे मी काकूंसमोर नातवाला वाचून दाखवलं. तो हसला, पण सून हसली नाही.

म्हणून इग्निशनच्या दोन्ही किल्ल्या वाड्यात ठेवायच्या नाहीत असं ठरलं. एक भाचीनं बरोबर नेली, एक माझ्याकडे. दोन्ही किल्ल्या शाबूत असणं चोरीच्या दाव्यातही लागतं, कंपनी दोन्ही मागते. पण मग पाणी किंवा आग आलीच तर गाडी हलवायची कशी? इथे लोक हमखास चुकतात. ते हँडल लॉक करून जातात, आणि वेळ आली की गाडी जागची हलत नाही. आम्ही हँडल मोकळं ठेवलं, गाडी न्यूट्रलमध्ये डबल स्टँडवर, आणि मागच्या चाकातून जाड साखळी घालून ओसरीच्या खांबाला कुलूप. त्या कुलपाची किल्ली देवघरातल्या खुंटीला. म्हणजे गाडी ढकलता येते, चालवता येत नाही. बॅटरीही काढून माझ्या घरी आणली.

एक पानी कागद केला. मराठीतच. गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, किलोमीटर, सध्याचे ओरखडे, कोणती किल्ली कुठे, पाणी चौकाच्या पहिल्या पायरीला लागलं तर कोणाला फोन, गाडी कोणीही चालवायची नाही, आणि तीन हजार कौलांपोटी मिळाले. काकूंनी चष्मा लावून वाचला आणि मोडीत सही केली, अजून करतात. स्टँप पेपरची गरज वाटली नाही. पाच महिन्यांनी आठवणी वेगवेगळ्या निघू नयेत, एवढाच त्या कागदाचा उपयोग.

गाडी बंद करायची तयारी थोडक्यात सांगतो, कारण ती कोणताही बरा मिकॅनिक सांगेल. ऑइल बदललं, कारण जुन्या ऑइलमधली आम्लं बसून बसून धातू खातात. चेन धुऊन, पुसून, ल्यूब मारलं. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा जरा जास्त. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबून बाहेर लाल चिंधी बांधली, काढायची आठवण राहावी म्हणून. उंदरांसाठी सीटखाली आणि वायरिंगजवळ डांबराच्या गोळ्यांच्या पुरचुंड्या, त्यांचा कितपत उपयोग होतो याबद्दल मला शंका आहे. खरा उपयोग काकूंच्या मांजराचा. कव्हर मात्र बदललं. भाचीनं आणलेलं प्लास्टिकचं होतं. पावसाळी दमट हवेत प्लास्टिकच्या आत घाम धरतो आणि क्रोम फुलतं. जुनी सुती चादर घातली, छप्पर होतंच.

पेट्रोलबाबत मात्र मी पुस्तकाविरुद्ध गेलो. सगळीकडे लिहिलेलं असतं, लोखंडी टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही आणि गंज चढत नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे तो सल्ला आणखीच खरा. पण शंभर वर्षांच्या लाकडी वाड्यात, देवघरापासून दहा पावलांवर, तेरा लिटर पेट्रोल ठेवायला माझं मन घेईना. जळालेले वाडे मी पाहिलेत. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप टाकीतच असतो, तो कोरडा पडू नये म्हणून दोनेक लिटर ठेवलं, झाकणाची रबरी कड नवी घातली आणि बाकीचं काढून घेतलं. टाकीला गंज चढला असता तर टाकी बदलता आली असती.

विम्याची तारीख ऑगस्टमध्ये होती. नवी गाडी घेताना तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा (थर्ड पार्टी) विमा पाच वर्षांचा होतो, पण स्वतःच्या नुकसानीचा दर वर्षी भरावा लागतो, आणि नेमका पुराच्या महिन्यातच तो संपत होता. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत भरला नाही तर दावा न केल्याची सूटही जाते, तिची त्या वर्षी पस्तीस टक्के होती. जुलैत तिनं तिकडूनच ऑनलाइन भरून टाकला.

ऑगस्ट

पाणी आलं नाही. म्हणजे वाड्यापर्यंत यायची वेळ आली नाही. अडचण आली ती वेगळ्याच बाजूनं.

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. वाड्यातला गणपती दर वर्षी ओसरीवर बसतो, आणि बसतो तो नेमका त्या खांबाजवळ. हे मला माहीत होतं, दर वर्षी मी तिथेच आरतीला उभा असतो. पण मे महिन्यात गाडीपुढे कोणालाच गणपती सुचला नव्हता, काकूंनाही. चार दिवस आधी त्यांचा फोन आला. "गाडी खाली चौकात घेऊ का? पोरं आहेत चार." चौक अडीच फूट खाली, फळ्या पावसानं निसरड्या, महिना ऑगस्ट. मी नको म्हटलं आणि तसाच उठून गेलो.

शेवटी गाडी ओसरीवरच राहिली. मखराची मागची बाजू भिंतीपासून तीन फूट पुढे घेतली, पडदा लावला आणि मागे बुलेट. नातवानं त्या पडद्यावर दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. त्यातली एक पडद्याच्या मागून, थेट टाकीवरून गेलेली, आणि जोड साध्या चिकटपट्टीनं गुंडाळलेला. ती माळ मी काढायला लावली. तो नाराज झाला, म्हणाला, "काका, टाकी तर रिकामी आहे." रिकामी नव्हती, दोन लिटर होतं, आणि थोड्या पेट्रोलाच्या टाकीत वाफ असते हे त्याला समजावत बसायची ती वेळ नव्हती. काकूंनी मोदकाचं ताट पुढे केलं आणि विषय मिटला. दहा दिवस आरतीला येणाऱ्या प्रत्येकाला पडद्यामागे काय आहे ते नातवानं दाखवलं. अख्ख्या पोळीला गाडीची माहिती झाली. सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे चांगलं की वाईट, यावर माझं मत अजून ठरलेलं नाही. अनोळखी माणसाला गाडी आहे हे कळणं वाईट. पण त्यानंतर पोळीतलं प्रत्येक जण तिच्यावर लक्ष ठेवून होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी भाची परतली. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, टॉर्चनं आत उजेड टाकून पाहिलं, तळाशी गंज दिसला नाही. मागच्या डिस्कवर तांबूस थर होता, तो पहिल्या चार ब्रेकला निघून गेला. सीटवर पांढरी बुरशी धरली होती, ओल्या फडक्यानं पुसली. बॅटरी मी महिन्यातून एकदा चार्ज करत होतो, ती १२.६ व्होल्ट दाखवत होती. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. उतरवताना फळ्यांवरून उलटी, ब्रेक धरून, दोघांनी मागून दोर ओढून. पी.यू.सी. संपलं होतं, ते वाटेतल्या पंपावर केलं.

खर्चाचा हिशेब असा पडला : कौलं तीन हजार, फळ्या आणि सुतार अकराशे, साखळी-कुलूप साडेसातशे, बॅटरीचा छोटा चार्जर तेराशे. एकूण सहा हजार एकशे पन्नास. गोदामाच्या नऊ हजारांपेक्षा कमी, पण फार कमी नाही. आणि फळ्या, चार्जर, साखळी हाताशी राहिलं, त्यामुळे पुढच्या खेपेला खर्च निम्म्यावर येईल. पण यात माझा वेळ धरलेला नाही. ज्याला बडोद्यात असा मामा नाही, त्यानं गोदामच घ्यावं, असं मी भाचीच्या ऑफिसातल्या एका मुलाला अलीकडेच सांगितलं.

तिला पुढच्या जूनमध्ये पुन्हा जायचं आहे. काकू तयार आहेत. कागद मी नव्यानं लिहिला आहे आणि त्यात तीन ओळी वाढवल्या : गाडी या खेपेला समोरच्या, उत्तरेकडच्या ओसरीवर राहील, गणपतीच्या दहा दिवसांत तिच्या तीन फुटांच्या आत विजेची माळ किंवा समई नको, आणि मोठ्या दरवाज्याचा गंजलेला खिळा मेआधी काढून घ्यायचा. खिळ्याचे पैसे कोणी द्यायचे, ते काकू आणि भाची अजून ठरवतायत.